दारफळणीच्या आधी

शांतवनभाऊ साळव्यांची माफी मागणं हे महाकठीण काम होतं. ते मागूच देत नसत. समोरचा माणूस ‘भाऊ, माझ्याकडून जरा...’ एवढं म्हणेपर्यंत त्यांचा हात वर गेलेला असे आणि ‘झालं, प्रभूनं पोटात घातलं, मंग आपण कोण धरून बसणारे?’ हे वाक्य तोंडातून निघून गेलेलं असे. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांपैकी एक. आजाऱ्याच्या उशाशी बसायला पहिला, दोघांचं भांडण तोडायला पहिला आणि माफ करायला तर सगळ्यांच्या आधी. चांगला माणूस, यात वादच नाही. पण एलिझर नवगावकरची सगळी गोची या चांगुलपणातच झाली होती.

एलिझर हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. तीस-एक वर्षांपूर्वी डिप्लोमाचा कागद घेऊन जालन्याच्या एमआयडीसीत एका सळईच्या मिलमध्ये लागला आणि तिथलाच झाला. अख्ख्या जिल्ह्यात त्याच्या जातकुळीचं हे एकच घर. आडनाव ऐकून लोक त्याला कोकणस्थ समजत आणि नाव ऐकून ख्रिस्ती. शांतवनभाऊंनीही पहिल्या भेटीत त्याला ख्रिस्तीच समजून रविवारी चर्चला यायचं आमंत्रण दिलं होतं. गैरसमज फिटला, तेव्हा दोघंही पोट धरून हसले. मैत्री झाली ती तेव्हापासूनची.

या बेने इस्राएल लोकांचा एक मोठा उपासाचा दिवस असतो. त्याला ते दारफळणीचा सण म्हणतात. नावातच सगळं आलं. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, परक्याशी बोलायचं नाही आणि आकाशात चांदण्या दिसेपर्यंत देवापुढं बसायचं. वर्षाचा निवाडा त्या दिवशी पक्का होतो, असं ते मानतात. पण त्यात एक मेख आहे. देवाचं जे बिघडवलं असेल ते देव त्या दिवशी माफ करतो. माणसाचं बिघडवलं असेल तर देव हात वर करतो. आधी त्या माणसाकडे जा, म्हणतो, मग माझ्याकडे ये.

म्हणून दरवर्षी सणाच्या आधीच्या दिवसांत एलिझर ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडे एक फेरी मारी. मिलमध्ये तर तो गमतीचाच विषय होता. ‘मामा आले, माफीवाले!’ असं पोरं ओरडत. ‘मामा, शिव्या आम्ही देतो अन् माफी तुम्ही मागता, ह्ये बराबर न्हाई.’ एलिझरही हसत हसत प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवी आणि फेरी आटपून सणाला ठाण्याला मेहुण्याकडे निघून जाई. यंदा तो हसला नाही आणि ठाण्यालाही निघाला नाही. बायकोनं, दीनानं, कारण विचारलं तेव्हा ‘गुडघे दुखतात’ म्हणाला. गुडघे दीनाचे दुखत होते.

कारण जूनमध्ये घडलं होतं. मिलमध्ये सळई ओढणाऱ्या रोलांची जोडी बदलायची होती. अशा कामाला एलिझरचा स्वतःचा एक नियम होता. माणसं मशीनमध्ये उतरली की पॅनलचा फ्यूज काढायचा आणि आपल्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. काम झालं की आत गेलेल्या एकेकाला नाव घेऊन हाक मारायची आणि प्रत्येकाची ओ आल्याशिवाय फ्यूज परत लावायचा नाही. इतकी वर्षं हा नियम एकदाही चुकला नव्हता. मालक बदलले, मॅनेजर बदलले, हाका राहिल्या.

त्या दिवशी भट्टीत माल तापून पिवळा पडला होता. मॅनेजर अवधूत फोनवरून सारखा ‘जल्दी, जल्दी’ करत होता. आत चौघं होते. तिघं बाहेर येऊन शेडमागं पाणी प्यायला गेले. एलिझरनं पाठमोरी माणसं पाहिली आणि सगळे निघाले असं धरून चालला. त्यानं हाक मारली नाही. चौथा होता सुमित, शांतवनभाऊंचा एकुलता एक मुलगा. तो वाकून खालची पाचर काढत होता. रोल फिरले आणि त्याचा उजवा हात आत गेला. डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

चौकशीला अवधूतनं विचारलं, ‘नवगावकर, तुम्ही हाका मारल्या होत्या ना?’ प्रश्न असा विचारला होता की त्याच्या पोटातच उत्तर होतं. एलिझर ‘हो’ म्हणाला. बाकीच्या तिघांना वाटलं, आपण पाण्यावर गेल्यावर मारल्या असतील. मामा हाक विसरतील हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि सुमित दवाखान्यात पडल्या पडल्या स्वतःच म्हणाला, ‘मलाच ऐकू आली न्हाई. आदल्या रात्री जरा जास्त झाल्ती.’

तिथून पुढं तर कहरच झाला. सुमित दोन वर्षांपासून चर्चला जाईनासा झाला होता, मित्रांबरोबर प्यायला बसत होता आणि त्यावरून घरात रोज खटके उडत होते. अपघातानंतर शांतवनभाऊ रविवारी मंडळीपुढं उभे राहिले आणि भरल्या आवाजात साक्ष दिली की ज्या हातानं माझ्या मुलानं पेला उचलला तोच हात देवानं घेतला. हा न्याय आहे आणि ही दयाही आहे, कारण जीव ठेवला. बायकांनी डोळे पुसले. सुमित तेव्हापासून दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला, हात खिशात घालून. दारूला तो शिवला नाही. कुणाशी फारसं बोललाही नाही.

हे सगळं एलिझरला कळत होतं आणि तो गप्प होता. रात्री अंथरुणावर त्याला आपला तो ‘हो’ ऐकू येई. एवढंसं अक्षर, पण ते एका पोराच्या मानगुटीवर बसलं होतं आणि वर देवाचं नाव लागलं होतं.

सणाच्या आधीच्या आठवड्यात तो धीर करून शांतवनभाऊंकडे गेला. ‘भाऊ, माझ्याकडून तुमच्या घराचं फार मोठं...’ एवढंच म्हणाला. हात वर गेला. ‘अहो नवगावकर, तुमच्या सणाची माफी ना? दिली, दिली! बिलकुल मनापासून दिली. चहा घेता का बासुंदी आणू?’ एलिझर बासुंदी खाऊन परत आला.

बघता बघता दारफळणी उद्यावर आली. सूर्य मावळला की उपास लागणार होता. यंदा गंमत अशी की त्याच दिवशी खंडेनवमी होती. मिलमध्ये भट्टी थंड ठेवून सगळी यंत्रं धुतली होती, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, पान्यांना आणि हातोड्यांना ओळीनं मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. पोरं नवे शर्ट घालून आली होती. एलिझर पूजा करत नसे, पण सगळ्यांबरोबर उभा राही. त्या रोलांच्या जोडीला कुणीतरी सगळ्यात जाड माळ घातली होती. अवधूतनं तिथं नारळ फोडला आणि म्हणाला, ‘यंदा रक्त सांडलंय बाबांनो, नीट नमस्कार करा.’ सगळे वाकले. प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच धरून एलिझर बाहेर पडला, स्कूटर काढली आणि अंबड चौफुलीवरून थेट साळव्यांच्या घरी आला.

सुमित बाजारात गेला होता. शांतवनभाऊ ओट्यावर पेपर वाचत होते.

‘या या! आज सुट्टी ना? चहाच करणार होतो.’

‘भाऊ, चहा नको. आज मला मध्येच थांबवू नका.’

‘मी कवा थांबवतो तुम्हाला?’

‘तुम्ही माफ करता. तेच थांबवणं आहे. कशाची माफी ते कळायच्या आधी दिलेली माफी मला चालत नाही. आमच्यात ती धरतच नाहीत. आधी ऐका आणि मग द्यायची तर द्या, नाहीतर देऊ नका.’

शांतवनभाऊंनी पेपराची घडी घातली. एलिझर उभ्या उभ्याच बोलला. फ्यूजचं सांगितलं, हाकेचं सांगितलं, चौकशीतल्या ‘हो’चं सांगितलं. बोलताना त्याच्या लक्षात आलं की हातातलं खोबरं दाबून दाबून ओलं झालंय.

शांतवनभाऊंचा हात वर गेला, पण अर्ध्यावरच थांबला. त्यांनी तो मांडीवर ठेवला.

‘हे बघा नवगावकर,’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘तुम्ही हाक विसरले, हे झालं. पण त्याच्या मर्जीबिगर हे झालं, असं तुम्हाला वाटतं का? इतकी वर्षं तुम्ही विसरले न्हाई अन् नेमकं माझं पोरगं आत असतानाच कसे विसरले? ज्यानं विसरायला लावलं तो वर बसलाय. त्याला माझं पोरगं परत पाहिजे होतं. तुम्ही निमित्त. हत्यार समजा. हत्यारावर कुणी खटला भरतं का?’

खरं सांगायचं तर एलिझरला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की तो मटकन खुर्चीत बसलाच. चार महिन्यांचं ओझं हा माणूस एका वाक्यात उचलून आभाळात ठेवत होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं. आणखी एक ‘हो’. मग घरी जायचं, आंघोळ करायची, दार लावायचं. त्याला क्षणभर वाटलंसुद्धा की असेल बुवा, देवाचा कारभार आपल्याला काय कळतो! पण मनात काहीतरी अडलं.

‘भाऊ,’ तो म्हणाला, ‘सकाळपासून हत्यारांनाच हळदकुंकू लावताना बघून येतोय. मला त्यांच्या ओळीत मांडू नका. फ्यूज मी काढला होता आणि मीच परत लावला. त्या वेळी मला कुणी ढकललं नाही. दोन पावलं पुढं जाऊन वाकून बघता येत होतं, हाक मारता येत होती. मला मारता येत होती, म्हणून तर हे माझं आहे. मी जर हत्यार असलो, तर तुम्ही माफ कुणाला करणार? पान्याला?’

‘तुमच्यात देव सगळं माणसावर सोडून देतो काय?’

‘सगळं नाही. पण हे सोडलंय.’

‘अन् आमच्यात आधीच सगळं फेडून ठेवलंय हो! एकानं सगळ्यांसाठी फेडलं. तुम्ही कशाला वणवण करता?’

‘देवाचं फेडलं असेल भाऊ, मी त्यात पडत नाही. सुमितचं कुणी फेडलं?’

मुलाचं नाव आलं तसे शांतवनभाऊ ताडकन उठले आणि फाटकाकडे बघून आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. एवढा सगळ्यांना धीर देणारा माणूस, पण त्याच्या डोळ्यांत सरळ सरळ भीती होती.

‘त्याला सांगू नका,’ ते म्हणाले. ‘तुमच्या पाया पडतो. त्याची दारू सुटली, नवगावकर. रविवारी येऊन बसतो. कशामुळं? देवानं मारलं म्हणून. उद्या तुम्ही सांगणार, देवानं न्हाई, नवगावकरनं मारलं. मंग तो कशाला थांबल तिथं? आठ दिवसांत गुत्त्यावर दिसल. मी बाप आहे. मी तुम्हाला माफ केलं, आता सगळं ऐकून माफ केलं. तुमच्यात धरतात तसं धरा. पण त्याला सांगायचं न्हाई. एवढं माझं ऐका.’

आता आली का पंचाईत! ज्याच्यासाठी एलिझर एवढा धडपडला ती माफी त्याच्या पदरात पडली होती, पण तिला दोरी बांधलेली होती आणि दोरीचं टोक शांतवनभाऊंच्या हातात होतं. तो उठला. घरी येईपर्यंत त्यानं किती वेळा ब्रेक दाबला त्याचं त्यालाच कळलं नाही.

घरी दीनानं फरशी पुसून काढली होती. खुंटीवर त्याचा पांढरा सदरा-लेंगा इस्त्री करून लावला होता. नारळाच्या दुधातलं कालवण शिजत होतं; उपासाआधीचं जेवण लवकर उरकायचं असतं. ‘आंघोळीचं पाणी काढलंय, रीतीप्रमाणं गरम आणि गार दोन्ही,’ ती म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. ‘काय झालं?’

मग त्यानं तिलाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. उलट ते अवघड गेलं, कारण दीना मध्ये काहीच बोलली नाही. कालवणाखालचा गॅस तिनं बंद केला.

‘भाऊंनी माफ केलं?’ तिनं विचारलं.

‘केलं.’

‘हात भाऊंचा गेला का?’

एलिझरनं खुंटीवरचा सदरा उगाच सरळ केला.

‘मग त्यांनी दिलं ते काय होतं? ज्याचा हात गेला त्याच्याकडे तू गेलाच नाहीस. बापाशी बोललास, कारण बापाकडून मिळणार हे तुला माहीत होतं.’

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. एलिझर आठवडाभर स्वतःशी म्हणत होता की घरातल्या मोठ्या माणसाकडे जावं, तीच रीत आहे. रीत कसली? सुमितच्या नजरेला नजर द्यायची त्याची छाती नव्हती.

‘त्याला सांगितलं तर तो परत प्यायला लागेल म्हणतात भाऊ.’

‘लागेल किंवा नाही लागणार. ते तो ठरवील. तू कशाला ठरवतोस?’

‘मिलमधून काढतील. प्रकरण पोलिसांत जाईल कदाचित.’

‘जाईल,’ दीना म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तिनं शब्द बदलला नाही. ‘आंघोळ नंतर. आधी जा. ऊन उतरायला लागलंय. आणि चार महिने माझ्या शेजारी झोपून मला सांगितलं नाहीस, त्याची माफी वेगळी लागेल. ती आल्यावर माग, मी काही पळून जात नाही.’

रस्त्यावर झेंडूचे ढीग आणि आपट्याच्या फांद्या घेऊन बसलेल्यांची ही गर्दी! उद्या दसरा. एलिझर हॉर्न वाजवत होता आणि दर थोड्या वेळानं मान वळवून सूर्य बघत होता. सूर्य काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. परत फिरावं असं त्याला तीनदा तरी वाटलं आणि एकदा तर त्यानं स्कूटर कडेला घेऊन उभीही केली. मागच्या टेम्पोवाल्यानं शिवी हासडली तेव्हा तो भानावर आला.

सुमित अंगणात बसला होता. पुढ्यात एक टेबलफॅन उघडून ठेवला होता आणि तो डाव्या हातानं स्क्रू फिरवायचा प्रयत्न करत होता. स्क्रूड्रायव्हर सारखा निसटत होता. उजवा हात त्यानं पायाखाली दाबल्यासारखा ठेवला होता. स्कूटरचा आवाज ऐकून शांतवनभाऊ घाईघाईनं बाहेर आले.

‘नवगावकर! चला चला, आत या, चहा घेऊ,’ ते जरा मोठ्यानंच म्हणाले.

‘मला सुमितशी बोलायचंय.’

‘मंग बोलू की. आत या आधी.’ त्यांनी त्याचा दंड धरला. बोटं रुतत होती.

एलिझरनं हात सोडवून घेतला आणि सुमितसमोर जमिनीवरच बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे कटकन वाजले. सुमितनं वर पाहिलं.

‘सुमित, त्या दिवशी मी हाक मारली नव्हती. न मारता फ्यूज लावला. आणि चौकशीत मारली म्हणून खोटं सांगितलं.’

एवढंच. रस्ताभर त्यानं कितीतरी वाक्यं जुळवली होती, पण वेळ आली तेव्हा एवढंच निघालं. सुमितच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला गेला. तो एलिझरकडे बघत राहिला, जणू मामांनी त्याला दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगितली होती.

‘हाक मारलीच न्हाई?’

‘नाही.’

‘म्हंजे माझं नावच घेतलं न्हाई?’

‘नाही घेतलं.’

सुमित बोलू लागला, एलिझरशी नव्हे, समोरच्या पंख्याशी बोलल्यासारखा. ‘मी रोज बसून आठवतो, मामा. जूनपासून रोज. तुमचा आवाज कसा असतो ते आठवतो. पाचर काढतानी कुठंतरी तुम्ही ‘सुमित’ म्हणले असाल. मी डोळे मिटून सगळं पुन्हा करतो. भट्टीचा आवाज येतो, अवधूत साहेबाचा फोन वाजतो, सगळं बराबर येतं. तुमची हाकच येत न्हाई. मला वाटायचं, दारूनं माझं डोकंच गेलं. नावानं हाक मारली अन् मला ऐकू आली न्हाई, म्हंजे मी माणसातूनच गेलो.’ त्यानं मान वर केली. ‘अन् ती हाक नव्हतीच?’

एलिझरनं मान हलवली. त्याला वाटलं होतं की आपण या पोराचा हात घेतला. हाताबरोबर आणखी काय काय घेतलं होतं ते त्याला आत्ता कळत होतं.

‘सुमित,’ शांतवनभाऊ मागून म्हणाले, ‘बाळा, देवाची योजना...’

‘पप्पा, तुम्ही गप बसा.’

साळव्यांच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. सुमित उजवा हात खिशात घालत उठून उभा राहिला. ओरडला मात्र नाही; ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘तुम्ही सगळ्या लोकांपुढं सांगितलं, देवानं माझा हात घेतला म्हणून. मी मागं बसून ऐकत होतो. मला वाटलं, पप्पाला माहीत असल. पप्पा रोज देवाशी बोलतात. मी देवाला भ्यायला लागलो, पप्पा. तिथं येऊन बसतो ते भ्यामुळं बसतो. अजून काय काय घेईल ह्या भ्यामुळं. तुम्हाला वाटलं, पोरगं सुधरलं.’

शांतवनभाऊंच्या जिभेवर आयुष्यभर तयार असलेली सगळी वाक्यं एकदम कुठं गेली कोण जाणे.

एलिझर कसाबसा उठला. घरांच्या पलीकडे सूर्य लाल होऊन टेकत आला होता. ‘सुमित, मला माफी मागायचीय. द्यायलाच पाहिजे असं नाही.’

‘द्यायची का न्हाई ते माझ्यावर आहे?’

‘तुझ्यावरच.’

‘देव सांगल द्या म्हणून, तरी?’

‘तरीही तुझ्यावर.’

सुमितनं खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघितलं. ‘मंग आज न्हाई,’ तो म्हणाला. ‘आधी मिलमध्ये जाऊन सांगा. सगळ्यांच्या पुढं, मला सांगितलं तसंच. पप्पानं लोकांपुढं सांगितलं ना, तुम्हीबी लोकांपुढं सांगा. मंग या. तवा बघू. देईनच असं म्हणत न्हाई मी.’

‘उद्या आमचं दार बंद असतं. परवा सांगतो.’

‘परवा सांगा.’

तो आत निघून गेला. पंखा तसाच उघडा पडून राहिला. एलिझर फाटकाकडे चालू लागला. छातीतलं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं. ते उतरलं नव्हतं. परवाचं मिलमधलं सगळं डोळ्यांपुढं येत होतं, अवधूतचं तोंड, पोरांची तोंडं, दीनाचा कापणारा आवाज. देवापुढं उद्या तो माफी न मिळालेलाच बसणार होता. फक्त ओझं आता त्याचं एकट्याचं होतं, त्या पोराच्या डोक्यावर नव्हतं.

स्कूटरला किक मारणार तेवढ्यात शांतवनभाऊ मागून आले. अनवाणीच आले होते. त्यांनी फाटकाची कडी धरली. एलिझरला वाटलं, आता शिव्या देतील, आणि त्या घ्यायची त्यानं तयारी केली.

‘नवगावकर,’ ते म्हणाले, ‘तुमच्यात माफी मागतात कशी?’

एलिझरला आधी कळलंच नाही.

‘मी इतक्यांना दिली,’ शांतवनभाऊ म्हणाले. ‘देवापुढं तर रोज गुडघे टेकतो. पण माणसाची कवा मागितलीच न्हाई हो. कुठून सुरू करायचं तेच कळून न्हाई राह्यलं.’

‘काय केलं ते सांगायचं,’ एलिझर म्हणाला. ‘का केलं ते सांगायचं नाही. मग गप्प बसायचं.’

‘अन् तो न्हाई म्हणला तर?’

‘तर नाही.’

शांतवनभाऊंनी एकदा घराकडे पाहिलं. मग त्यांनी कडी सोडली आणि ते आत गेले.